तुटलं की पेटतं

पुण्यात होडीचं इंजिन कुठून आलं, असं वाटत असेल तर रविवारी संध्याकाळी खडकवासला चौपाटीवर कणीस खाताना नजर जरा पाण्याकडे वळवा. याच जलाशयाच्या काठी एनडीएचं पीकॉक बे आहे. तिथे कॅडेट शिडाच्या होड्या हाकायला शिकतात. दापोडीच्या सीएमईत लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, आणि महापुरात रबरी होड्या घेऊन उतरणं हे तिचं कामच. जुलै २०२४ मध्ये मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा जिथे एरवी स्कूटर लावतात तिथून लोकांना होडीने बाहेर काढावं लागलं.

होडीच्या मागच्या फळीला पकडीने घट्ट बसवायच्या मोटारीला जवान आणि मच्छीमार ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटार. वर इंजिन, मधून खाली जाणारा दांडा, तळाशी पाण्यातला पंखा. आताच्या नव्या मोटारी फोर-स्ट्रोक आणि इलेक्ट्रॉनिक मेंदूवर चालणाऱ्या. जुनी टू-स्ट्रोक मात्र निराळी. तिचं झाकण काढलं की पुण्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही ओळखीचं काहीतरी दिसेल: वर एक जड चाक, चाकाच्या आतल्या बाजूला बसवलेले चुंबक आणि त्याखाली तांब्याच्या तारेची कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडलेल्या बजाज चेतकच्या उजव्या झाकणाखालीही सुरुवातीच्या कित्येक वर्षांत हीच मंडळी होती. फरक किरकोळ. चेतकची हाय टेन्शन कॉइल बाहेर बसवलेली असते, जुन्या ओबीएमची बहुधा चाकाखालीच. थोडक्यात, ज्याने चेतकचे पॉइंट साफ केलेत त्याला होडीच्या इंजिनाची अर्धी भाषा आधीच येते.

या सगळ्यात बॅटरी नाही. माणूस दोरी ओढतो, चाक फिरतं, आणि हाताच्या त्या एका हिसक्यातून पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात. आपल्या घरातल्या बटणामागे २३० व्होल्ट असतात. मला तर दरवेळी हे अविश्वसनीयच वाटतं.

आता प्रसंग नेहमीचा धरू. मोटार पावसाळा सरल्यावर शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली, ती थेट जूनमध्ये बाहेर निघाली. दोरी ओढली. इंजिन नुसतं फुरफुरलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. अशा वेळी चांगला मेकॅनिक दोरी ओढत बसत नाही. तो प्लग काढतो आणि हातात धरून बघतो.

प्लग ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर इंधन आतपर्यंत पोचतंय आणि पेटत मात्र नाहीये. म्हणजे संशय करंटवर. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर कार्ब्युरेटरकडे वळायचं, आपली ही गोष्ट तिथे थांबते. पुण्याच्या रस्त्यांवर सकाळी सकाळी स्कूटर एका कुशीवर आडवी करून मग किक मारायची जी रीत होती, ती कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचवण्यासाठी. करंट गेला असेल तर स्कूटर जमिनीवर झोपवली तरी उपयोग नव्हता. पण आडवी करून बघणं हा इतका पक्का संस्कार होता की प्लगाचा दोष असला तरी आधी स्कूटर आडवी व्हायचीच.

प्लग ओला निघाला, तर पुढची पायरी सगळ्यांना ठाऊक असते. प्लग टोपीत बसवायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं, दोरी ओढायची आणि ठिणगी पडते का बघायचं. पडली! मग करंट आहे, दोष दुसरीकडे. इथेच बहुतेक जण फसतात, आणि यामागचं कारण फार सुंदर आहे.

हवा ही वीज अडवणारी वस्तू आहे. उघड्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला विजेला साधारण तीन हजार व्होल्टचा जोर लागतो. प्लगाची फट जेमतेम पाऊण मिलिमीटर, तेव्हा तुमच्या हातातला प्लग अडीच-तीन हजार व्होल्टवर खुशाल ठिणगी टाकेल. पण सिलिंडरच्या आत पिस्टनने हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबून पाच-सहा पट दाट केलेलं असतं. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन याने १८८९ मध्ये दाखवून दिलं की ठिणगीला किती व्होल्ट लागणार हे फटीची लांबी आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं. दाब पाचपट, तर आपल्या या हिशेबात व्होल्टही जवळजवळ त्याच पटीत हवेत. म्हणजे आत दहा हजारांच्या वर जोर लागतो. अशक्त कॉइल बाहेर तीन हजार व्होल्ट देऊन तुम्हाला खूश करते, आणि प्लग आत गेला की हात टेकते.

म्हणून जाणकार मेकॅनिक प्लगाच्या फटीवर विश्वास ठेवत नाही. तो करंटला मुद्दाम लांब उडी मारायला लावतो, पाच-सहा मिलिमीटरची, खास टेस्टर लावून. एवढी फट ओलांडताना ठिणगी निळसर आणि टणक दिसली, तिचा ‘टक’ असा आवाज आला, तर कॉइल निरोगी. पिवळसर, केसाएवढी, आवाज नसलेली ठिणगी आली तर ती फक्त दाखवायची. ही परीक्षा करताना एक पथ्य पाळायचंच: सिलिंडरचं प्लग काढलेलं भोक ठिणगीपासून लांब हवं. दोरी ओढताना त्यातून पेट्रोलची वाफ फुसफुसत बाहेर येत असते, आणि योग्य प्रमाणात हवा मिसळलेली ही वाफ पेटायला एक मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जा पुरते. होडीवर तर हे जास्तच जपावं लागतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. रस्त्यावरच्या गाडीखालून ती निघून जाते, होडीत मात्र तळाशी जाऊन बसते आणि तिथेच थांबते.

पाशेनच्या नियमातून आणखी एक निदान आपोआप निघतं. इंजिन हळू छान चालतं, पण रेस दिली की मिसिंग करायला लागतं, ही तक्रार स्कूटरवाल्यांनाही नवी नाही. रेस कमी असताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं शिरतं, दाट होत नाही, आणि दुबळी ठिणगी कशीबशी फट पार करते. रेस वाढली की आत मिश्रण ठासून भरतं आणि तीच ठिणगी अर्ध्यावर मरते. लोक कार्ब्युरेटर खोलतात, जेट फुंकतात, कचरा शोधतात. कचरा सापडतोही, कारण तो नेहमीच थोडासा असतो. दोष मात्र तसाच राहतो.

आता मूळ चमत्काराकडे. हे हजारो व्होल्ट येतात कुठून?

चाक फिरतं, त्यातले चुंबक कॉइलवरून जातात, आणि मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेल्या नियमाप्रमाणे कॉइलमध्ये वीज उत्पन्न होते. पण ही वीज अगदी किरकोळ असते, थोडे व्होल्ट, तीही जाड तारेच्या शे-दोनशे वेढ्यांमध्ये. या जाड तारेचं वर्तुळ पुरं होतं ते पॉइंटमधून. पॉइंट म्हणजे टंगस्टनची दोन छोटी तोंडं, एक स्थिर, एक हलणारं. ती मिटलेली असताना वीज वर्तुळात फिरते आणि कॉइलच्या लोखंडात चुंबकीय क्षेत्र साठतं. आणि मग, नेमक्या क्षणी, चाकाच्या दांड्यावरचा उंचवटा हलणाऱ्या तोंडाला ढकलतो. पॉइंट उघडतात. वर्तुळ तुटतं.

ठिणगी पडते ती या तुटण्यातून.

जोडल्यावर नव्हे, तोडल्यावर वीज उसळते, हे शाळेत शिकलेल्या विजेला धरून वाटत नाही; पण जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी याचा पाण्यातला अवतार ऐकलेला असतो. नळ जोरात वाहत असताना एकदम बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन वाजतो. वाहतं पाणी थांबायला तयार नसतं, त्याची सगळी धाव क्षणभर दाब होऊन पाइपवर आदळते. कॉइलमधली वीजही तशीच हट्टी. तिचा रस्ता एकाएकी तोडला की साठलेलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि त्या जाड तारेतच दोन-तीनशे व्होल्टचा उसळा येतो. त्याच लोखंडाभोवती केसासारख्या बारीक तारेचे दहा हजारांहून जास्त वेढे असतात. जितके वेढे जास्त, तितके व्होल्ट जास्त. त्या बारीक तारेच्या टोकाला पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात आणि त्यांना जायला एकच वाट असते, प्लगाची फट.

आता यातली गोम. पॉइंट उघडायला लागतात तेव्हा पहिल्या क्षणी त्यांच्यातलं अंतर जवळजवळ शून्य असतं. तो दोन-तीनशे व्होल्टचा उसळा प्लगाकडे कशाला जाईल? त्याला पॉइंटची ती इवलीशी फट जास्त सोयीची. तो तिथेच ठिणगी टाकून मोकळा होईल. मग वर्तुळ नीट तुटतच नाही, क्षेत्र हळूहळू ओसरतं आणि प्लगाला काही मिळत नाही. म्हणून पॉइंटच्या शेजारी बोटाच्या पेराएवढी एक धातूची डबी लावलेली असते. तिचं नाव कंडेन्सर. क्षमता एक मायक्रोफॅरडचा चौथा हिस्सा, त्याच्या आसपास. तुटण्याच्या त्या पहिल्या क्षणी उसळलेली वीज कंडेन्सर स्वतःत ओढून घेतो. पॉइंट पुरेसे लांब जाईपर्यंत तिला थोपवतो. त्याच्यामुळे तुटणं स्वच्छ होतं आणि ठिणगी जिथे हवी तिथे पडते.

इतका गरीब दिसणारा भाग क्वचितच असेल. त्याच्यात हलणारं काही नाही, झिजणारं काही नाही, आणि तरी जुन्या इंजिनांना छळणाऱ्यांत तो वरच्या नंबरावर असतो. आतल्या पातळ पत्र्यांमधलं आवरण वर्षांनुवर्षं दमट हवेत सडतं आणि मग डबी बाहेरून ठीकठाक दिसत आतून निकामी होते. चेतकचा मेकॅनिक ते कसं ओळखायचा? मॅग्नेटच्या, म्हणजे त्या चुंबकवाल्या चाकाच्या, खिडकीतून. चेतकच्या चाकाला खिडक्या असतात, त्यातून चाक न काढता पॉइंट दिसतात. इंजिन फिरताना पॉइंटवर भगभगीत निळी ठिणगी नाचत असेल तर कंडेन्सर गेला. बारीकशी, मधूनच दिसणारी चमक चालते. ओबीएमच्या चाकाला अशी सोय असेलच असं नाही. बऱ्याचदा चाकच उतरवावं लागतं, आणि तेही पुलर लावून. हातोडीने ठोकून चाक काढणाऱ्याच्या हातून बेअरिंगही जातं आणि चुंबकही दुबळे होतात.

चाक उतरवलंच आहे तर पॉइंटकडे नीट बघावं. महिनोन् महिने बंद पडलेल्या इंजिनात सर्वात वारंवार सापडणारा दोष इथेच असतो आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. टंगस्टनच्या तोंडांवर हवेतल्या ओलाव्याने एक पातळ थर चढतो. इंजिन रोज चालतं तेव्हा लहानसहान ठिणग्या आणि घासणं यामुळे तो टिकत नाही. आठ महिने पडून राहिलं की टिकतो. आणि दोरीच्या हिसक्याने जाड तारेत येणारे थोडेसे व्होल्ट हा थर भेदू शकत नाहीत. वर्तुळ कधी पुरं झालंच नाही, तर तुटणार काय?

उपाय अगदी साधा आहे. तोंडं खडबडीत, खड्डे पडलेली असतील तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा. मग एक महत्त्वाची पायरी, जी घाईत राहते: पॉइंट मिटवून त्यातून स्वच्छ, जाड कागदाची पट्टी ओढायची. लग्नपत्रिकेचा कोरा भाग यासाठी उत्तम. पॉलिश पेपरची भुकटी आणि बोटाचा तेलकटपणा हे दोन्ही त्या पट्टीवर काळ्या रेघेसारखे उतरतात. रेघ उमटेनाशी झाली की थांबायचं. बोट पुन्हा लावायचं नाही, बोटाचं तेलही वीज अडवायला पुरेसं असतं.

मग फट. उंचवट्याच्या माथ्यावर पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असताना फीलर गेजने मोजायची. जॉन्सन आणि एविनरूड यांच्या बऱ्याच जुन्या मोटारींत ती अर्धा मिलिमीटर ठेवतात, चेतकमध्ये साधारण ०.४. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, तर बरंच. फट जास्त ठेवली तर पॉइंट लवकर उघडतात, कमी ठेवली तर उशिरा. म्हणजे फट बदलली की ठिणगीची वेळही सरकते. हलणाऱ्या पॉइंटची फायबरची टाच उंचवट्यावर घासून झिजते, त्यासरशी फट कमी होत जाते, आणि कुणी हात न लावता इंजिनाचं टायमिंग दिवसेंदिवस मागे पडतं. टाचेखालच्या फेल्टला ग्रीसचं एक बोट लावलं असतं तर ही झीज फारशी झाली नसती.

ही वेळ किती नाजूक आहे ते आकड्यात बघा. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेतं, तेव्हा सेकंदाला ८३ फेरे होतात. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक ठिणगी. तो पॉइंट सेकंदाला ८३ वेळा मिटतो, उघडतो, आणि दरवेळी ठरल्या अंशावर उघडावा लागतो. या वेगात एक अंश फिरायला चाकाला सेकंदाचा तीस हजारावा भाग लागतो. आणि ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच टाकावी लागते, कारण पेट्रोल एका झटक्यात पेटत नाही. ज्योत पसरायला वेळ लागतो आणि त्या वेळात पिस्टन वर येऊन परत फिरायच्या बेतात असतो. वेग वाढला तर ठिणगी आणखी आधी हवी. जुन्या ओबीएमच्या रचनाकारांनी हे कसं साधलं असेल? कॉइल आणि पॉइंट ज्या थाळीवर बसवलेत ती अख्खी थाळीच फिरते. रेसचा दांडा पुढे ढकलला की आधी ही थाळी वळते आणि तिच्या कडेचा उंचसखल भाग कार्ब्युरेटरची झडप उघडतो. म्हणजे एकाच हालचालीत ठिणगीची वेळ पुढे सरकते आणि पेट्रोलही वाढतं. संगणक नाही, सेन्सर नाही. फक्त वळणारी थाळी.

टायमिंग बिघडवणारी आणखी एक वस्तू आहे, नखाएवढी. चाक दांड्यावर फिरू नये म्हणून दोघांच्या खाचेत बसवलेली अर्धगोल किल्ली. चाकाचं नट ढिलं राहिलं, किंवा पंखा पाण्यातल्या खडकावर आपटला, तर ही किल्ली वाकते किंवा चिरते आणि चाक दांड्यावर काही अंश सरकतं. ठिणगी टणक, पॉइंट चकाचक, पेट्रोल ताजं, आणि इंजिन दोरीला उलटा हिसका देतं किंवा कार्ब्युरेटरमधून शिंकतं. अशा इंजिनाने भल्याभल्यांना दिवसदिवस घाम फोडलेला आहे.

एवढं सगळं खोलायच्या आधी मात्र एक गोष्ट बघायची असते, आणि ती बंद करायच्या बटणाशी निगडित आहे. घरातलं बटण बंद केलं की वर्तुळ तुटतं. मॅग्नेटवाल्या इंजिनात नेमकं उलटं. इथे ठिणगी तुटण्यातून येते, तेव्हा इंजिन बंद करायचं तर तुटूच द्यायचं नाही. बंद करायचं बटण जाड तारेचं टोक थेट इंजिनाच्या अंगाला जोडून टाकतं. पॉइंट उघडो की मिटो, वीज दुसऱ्या वाटेने फिरत राहते आणि ठिणगी पडत नाही. जोडलं की बंद.

याचा परिणाम असा की बटणाच्या तारेचं आवरण कुठे घासून ती धातूला चिकटली, किंवा बटणात पाणी शिरलं, तर इंजिनाला वाटतं आपल्याला कुणीतरी सतत बंद करतंय. होडीच्या मोटारीला आणखी एक बटण असतं: चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची लाल दोरी आणि तिच्या टोकाची चिमटी. माणूस पाण्यात पडला तर चिमटी निसटते, बटण जोडलं जातं, इंजिन थांबतं, आणि होडी त्याच्या अंगावर गोल फिरून येत नाही. ही चिमटी जागेवर बसवलेली नाही म्हणून इंजिन सुरू होत नाही, आणि बाजूला तिघे जण प्लग पुसतायत, हे दृश्य मुळीच दुर्मीळ नाही. बटणाची तार तात्पुरती सोडवून बघायची. ठिणगी आली तर दोष बटणात. पण लक्षात ठेवायचं, तार सोडवलेली असताना इंजिन चालू झालं तर बटणाने बंद होणार नाही. चोक ओढून ते गुदमरवावं लागतं. आणि त्या अवस्थेत पाण्यावर जायचं नाही.

माणसाला पेट्रोलच्या इंजिनाची, त्यातही होडीवरच्या, धास्ती वाटते ती आजची नाही. गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८६ मध्ये जर्मनीतल्या नेकार नदीवर मोटारीची होडी चालवली. त्यांच्या इंजिनात ठिणगी नव्हतीच. बाहेरून ज्योतीने लाल केलेली एक नळी मिश्रण पेटवायची. लोकांना पेट्रोलची भीती वाटू नये म्हणून डाइमलरने होडीच्या कडेने तारा आणि चिनी मातीचे इन्सुलेटर लावले आणि होडी विजेवर चालते असं भासवलं, असा किस्सा सांगतात. विजेची खरी पाळी नंतर आली. रोबर्ट बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड याने १९०२ च्या सुमाराला हाय टेन्शन मॅग्नेटो आणि त्यासोबतचा प्लग सिद्ध केला. इकडे अमेरिकेत मिलवॉकीच्या ओले एविनरूडने १९०९ मध्ये होडीला मागून अडकवायची मोटार बाजारात आणली आणि काही वर्षांतच अशा मोटारींनी बॅटरीचं ओझं टाकून चाकातल्या चुंबकांवर भिस्त ठेवली. पाण्यावर हे सोयीचंच होतं. भिजून मरेल अशी एक वस्तू कमी.

कॉइलचा दोष सर्वांत छळवादी, कारण तो येतो-जातो. गार इंजिन पहिल्या हिसक्यात सुरू होतं, पंधरा-वीस मिनिटं मजेत चालतं, आणि पानशेतच्या बॅकवॉटरच्या ऐन मधोमध मरतं. अर्धा तास बसून राहिलं की पुन्हा जिवंत. काठावर आणून मेकॅनिकला दाखवावं, तर तो म्हणणार, काही झालेलं नाही. केसासारख्या तारेला आत कुठेतरी तडा गेलेला असतो किंवा तिच्यावरचं वार्निश उष्णतेने फुटलेलं असतं. तापलं की तांबं पसरतं, टोकं दूर जातात किंवा दोन वेढे एकमेकांना भिडतात. गार झालं की पूर्ववत. मीटर लावून गार कॉइल मोजण्यात अर्थ नाही. ती गरम करून, तापलेली असतानाच मोजायची, किंवा इंजिन मेल्या मेल्या लगेच टेस्टर लावायचा.

इथे जुन्या दोन सिलिंडरच्या ओबीएमचा एक फायदा मला विलक्षण वाटतो. तिच्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग असतो. एकाच चाकाखाली दोन जोड. एक सिलिंडर मिसिंग करतोय, तर प्लग अदलाबदल करा. दोष प्लगासोबत दुसऱ्या सिलिंडरला गेला? प्लग गुन्हेगार. तिथेच राहिला? मग कंडेन्सर बदलून बघा, मग कॉइल. एका वेळी एकच वस्तू हलवायची, दोन हलवल्या की उत्तर हरवलं. प्रयोगशाळेत तुलनेसाठी वेगळा नमुना तयार करावा लागतो, इथे तो इंजिनाने स्वतःच जवळ बाळगलेला असतो. नवा सुटा भाग विकत न घेता, मीटर न वापरता, निव्वळ जागा बदलून दोषाचा पत्ता लागतो.

पुण्याचा पावसाळा या सगळ्यात आपली भर घालतो. प्लगाची रबरी टोपी, तिच्याकडे जाणारी जाड वायर, यांना वयाने बारीक चिरा पडतात. कोरड्या दिवसात त्या निरुपद्रवी. हवा दमट झाली की चिरेत ओलावा धरतो आणि करंट प्लगाच्या आत जायच्या ऐवजी टोपीच्या अंगावरून घरंगळून इंजिनात उतरतो. हे बघायची युक्ती फार जुनी: अंधार करायचा. शेडचं दार लावून, दिवा घालवून दोरी ओढली की वायरीवर, टोपीच्या कडेला निळ्या रेषा सळसळताना दिसतात, आणि नाकाला ओझोनचा उग्र वास येतो. दुपारच्या उजेडात जी टोपी शहाजोग वाटते ती अंधारात लगेच पकडली जाते. पाऊस लागला की चेतकवाले टोपी काढून पुसायचे, त्यात तथ्य होतं.

आणि शेवटी माणसाचा हात. चुंबक कॉइलवरून जितक्या वेगाने जातो तितकी वीज जास्त, म्हणजे ठिणगीचा जोर दोरी ओढणाऱ्याच्या खांद्यावर अवलंबून. हळू, जपून ओढलेल्या दोरीने सगळं ठाकठीक असलेलं इंजिनही सुरू होत नाही. आधी दोरी सावकाश ओढून दाब लागेपर्यंत आणायची, मग एकच जोरकस हिसका.

त्या हिसक्याने इंजिन सुरू झालं, तरी ते जमिनीवर चालवायचं नसतं. त्याला गार ठेवणारं पाणी खालच्या पंपाने ओढायचं असतं आणि पंपाचं रबरी चक्र कोरडं फिरलं की मिनिटाभरात फाटतं. त्यासाठी पाण्याने भरलेला जुना बॅरल लागतो. मोटार त्याच्या कडेला अडकवून खालचा भाग बुडवायचा आणि बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार पडतेय ना ते बघायचं. पण बॅरलमध्ये छान चालणाऱ्या इंजिनाचीही परीक्षा पुरी झालेली नसते. तिथे पूर्ण रेस देता येत नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण ठासून भरत नाही, म्हणजे अशक्त ठिणगी अजून लपून राहू शकते. ती उघडी पडते खऱ्या पाण्यावर, होडीत माणसं बसलेली असताना, दांडा पूर्ण पुढे ढकलल्यावर. तेव्हा पहिली फेरी काठाकाठाने मारावी, खिशात एक कोरा प्लग आणि पाना असावा, आणि होडीत वल्ही ठेवायला विसरू नये.